माळावर झाडं लावायच्या आधी माळ वाचायचा कसा

जून लागला की आमच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज सुरू होतात, उजाड माळावर हजार झाडं लावायचीत, रविवारी सकाळी सातला टिकाव-फावडं घेऊन या. येणाऱ्यांची तळमळ खरी असते, मी पण दोन वर्षं गेलोय, खड्डे घेतलेत, कॅनने पाणी वाहिलंय. पण आमच्या शिवेवरच्या माळावर काही वर्षांपूर्वी एका संस्थेनं जेसीबी लावून चर आणि खड्डे काढले, गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावली, होळीपर्यंत निम्म्याच्या वर रोपं वाळून गेली, आणि जिथं जिथं माती उकरली होती तिथं पुढच्या पावसाळ्यात काँग्रेस गवत कमरेएवढं वाढलं. त्याच जागी आधी पवन्या, कुसळी ही गवतं होती, धाविक पक्ष्याची एक जोडी दर उन्हाळ्यात उघड्यावर अंडी घालायची. आता तिथं धाविक येत नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं, कारण ती जागा आम्हाला कुणालाच वाचता आली नव्हती, मला पण नाही.

त्यानंतर मी जे शिकलो ते इथं लिहितोय. एखाद्या जागेवर आत्ता कोणता जीवसमूह आहे, तो कुठून आला आणि कुठं चाललाय, हे स्वतः बघायची पद्धत. खर्च दोन-तीनशे रुपये, वेळ वर्षातले पाच-सहा दिवस, बाकी लागते ती चिकाटी. मी माणदेशातला, सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा, त्यामुळे उदाहरणं इथलीच येतील, पण पद्धत कोकणातल्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर पण चालेल आणि विदर्भातल्या झुडपी जंगलात पण.

दोन शब्द आधी. बायोम, म्हणजे पुस्तकातली जीवसंहती : हवामान आणि जमिनीनुसार ठरलेलं मोठं कुटुंब, सदाहरित जंगल, पानगळीचं जंगल, गवताळ माळ, वाळवंट असं. आणि सक्सेशन, म्हणजे अनुक्रमण : एका जागेवर एकामागून एक जीवसमूह येतात, आधीचे मागं पडतात, ती सगळी चाल. पहिल्यातून कळतं की जागा कोणत्या घरातली, दुसऱ्यातून कळतं की आत्ता ती कितवीत आहे. ही दोन उत्तरं मिळायच्या आत रोप आणायला नर्सरीत जाऊ नका.

बायोम ओळखायला एसटीत बसा

हे पुस्तकातून शिकण्यापेक्षा खिडकीतून शिकणं सोपंय. सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरात महाबळेश्वरला जा आणि तिथून पूर्वेकडं निघा, पाचगणी, पसरणी घाट, वाई, सातारा, कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी. महाबळेश्वर ते दहिवडी सरळ रेषेत शंभर किलोमीटर पण नाही, पण महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस आणि आमच्याकडं पाचशेच्या आसपास, एखाद्या वर्षी तेवढा पण नाही. ढग सह्याद्रीवर चढताना रिकामे होतात आणि आम्ही डोंगराच्या मागं, पावसाच्या सावलीत.

महाबळेश्वरला झाडं ठेंगणी, दाट, बारा महिने हिरवी, अंजनी, जांभूळ, पिसा, फांद्यांवर शेवाळ आणि आमरी, म्हणजे ऑर्किड. पसरणी घाट उतरायला लागलात की झाडांमध्ये अंतर पडत जातं आणि तीच वाट फेब्रुवारीत केलीत तर निम्मी झाडं निष्पर्ण दिसतील, हे पानगळीचं घर. वाईजवळ मात्र फसू नका, तिथला हिरवा ऊस धोम धरणाच्या पाण्याचा आहे, तो बायोम सांगत नाही. कालव्याखालचं रान सोडून नजर टेकड्यांवर ठेवायची. कोरेगाव-पुसेगाव सोडलं की टेकड्या गवताच्या होतात, झाडं एकेकटी, आणि माण तालुक्यात आलात की हिवर, बोर, तरवड, नेपती, हेकळ, आणि त्यांच्यामध्ये लांबच्या लांब कुसळी. एका दिवसात तीन-चार घरं बघून होतात, पैसे फक्त तिकिटाचे.

आता आपल्या जागेबद्दल तीन प्रश्न विचारा. वर्षाला पाऊस किती, कोरडे महिने किती, आणि माती किती खोल. पावसाचे आकडे कृषी विभागाच्या साइटवर मंडळनिहाय मिळतात, एकाच वर्षाचा धरू नका, दहा-पंधरा वर्षांचा बघा. कोरडे महिने तुम्हाला माहीतच असतात, आमच्याकडं सात-आठ. मातीसाठी पहार घ्या आणि चार ठिकाणी ठोका, वीतभर मातीखाली मुरूम लागला तर तो माळ आणि हातभर काळी लागली तर गोष्ट वेगळी. हे महत्त्वाचं आहे कारण पाऊस तोच असताना पण ओढ्याकाठी करंज, उंबर, चिंच वाढतात आणि वरच्या मुरमाडावर फक्त गवत, म्हणजे एकाच गावात दोन घरं शेजारी शेजारी नांदतात.

बेंगळुरूचे महेश शंकरन आणि त्यांच्याबरोबरच्या बऱ्याच शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये आफ्रिकेतल्या शेकडो सवानांचा, म्हणजे विरळ झाडांच्या गवताळ माळांचा अभ्यास मांडला होता, त्यात निघालं की साधारण ६५० मिलीमीटरच्या खाली झाडं किती वाढणार ते मुळात पाऊसच ठरवतो, त्याच्या वर मात्र झाडांना रोखायला वणवा आणि चराई लागते. आपला भूगोल वेगळा आहे, आकडा जसाच्या तसा इथं लावू नका, पण विचार करायची दिशा मिळते. पाचशे मिलीमीटरच्या मुरमाड माळावर दाट जंगल उभं करायचं म्हणजे त्या जमिनीकडं नसलेलं पाणी मागायचं.

माळ म्हणजे मेलेलं जंगल का?

इथं मला जरा थांबायचंय कारण सगळा घोटाळा इथं होतो. शाळेत आपण शिकतो की आधी दगड, मग शेवाळ, मग गवत, मग झुडपं, मग जंगल, आणि जंगल झालं की प्रवास पूर्ण. ही मांडणी मुख्यतः अमेरिकेतल्या फ्रेडरिक क्लेमेंट्सची, त्यांचा मोठा ग्रंथ १९१६ चा, आणि त्यांचं म्हणणं असं की हवामान ठरलं की शेवटचा समूह पण ठरला. दहा वर्षांत हेन्री ग्लीसन यांनी १९२६ मध्ये सांगितलं की असं काही एकजीव शरीर नसतं, प्रत्येक वनस्पती आपापल्या गरजेनं आणि बी पोचण्याच्या नशिबानं येते. आजचे बहुतेक लोक ग्लीसनच्या जास्त जवळ आहेत, पण आपल्या डोक्यात आणि सरकारी फायलीत अजून क्लेमेंट्सच बसलेत. म्हणून गवत दिसलं की वाटतं, हे अर्धवट राहिलेलं जंगल, आपण हात लावून पूर्ण करू. देशाच्या वेस्टलँड अॅटलसमध्ये झुडपी माळ पडीक म्हणूनच मोजला जातो.

पण गवताळ माळ हे स्वतःचं पूर्ण घर आहे. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांच्या थरांत ७०-८० लाख वर्षांपूर्वी उष्ण प्रदेशातली गवतं पसरल्याच्या खुणा सापडतात, तेव्हा जंगल तोडायला माणूसच नव्हता. आणि आपल्याकडचा तर फार जवळचा पुरावा आहे, २०२५ मध्ये एक अभ्यास आला ज्यात पश्चिम महाराष्ट्राबद्दलचं तेराव्या शतकापासूनचं मराठी साहित्य, कथा, ओव्या, गाणी धुंडाळून त्यातल्या झाडाझुडपांची नावं काढली, तर ती बरीचशी काटेरी, उघड्या माळाची निघाली, म्हणजे किमान साडेसातशे वर्षं तरी इथं माळच आहे. मला हे वाचून फार आनंद झाला, कारण आमच्याकडचे एक मेंढपाळ आबा हेच सांगायचे. मी एकदा त्यांना विचारलं, आबा, इथं पूर्वी मोठं जंगल होतं का हो, तर म्हणाले, "न्हाय रं बाळा, ह्यो माळ गवताचाच हाय, झाड वड्याला." एका वाक्यात बायोम.

मग जुना, मूळचा माळ आणि नांगरून सोडलेलं किंवा तोडून उघडं पडलेलं रान यात फरक कसा करायचा? मी या खुणा बघतो.

मूळच्या माळावर गवताचे ठोंब असतात, दरवर्षी त्याच बुडख्यातून फुटणारे, शेडा, पवन्या, डोंगरी, कुसळी. बुडखा हातानं हलवून बघा, हलत नाही. नांगरलेल्या पडीकावर वर्षाचं गवत जास्त, ते ओढलं की मुळासकट हातात येतं. दुसरी खूण कंद. पहिल्या-दुसऱ्या पावसानंतर माळ नीट बघितलात तर रानकांदा, मुसळी, नशीब असेल तर कंदीलपुष्प दिसेल, या वनस्पती आठ महिने जमिनीखाली झोपतात आणि वणवा, चराई, दुष्काळ सगळं वरून जाऊ देतात. नांगराखाली मात्र त्या मरतात आणि परत यायला फार म्हणजे फारच वेळ लागतो. जगभरच्या जुन्या गवताळ जमिनींचा आढावा २०२० मध्ये आला होता, त्यात हेच होतं, पूर्ववत व्हायला दशकं लागतात, कधी शतकं. तिसरी खूण, तोडलेल्या जंगलात जुने खोडके असतात, त्यांना पावसाळ्यात धुमारे फुटतात, धावडा, साग, पळस असे. धुमारे भरपूर दिसले तर ती जागा खरंच जंगलाची आहे, तिथं खड्डे घ्यायची पण गरज नाही, कुऱ्हाड आणि चराई थांबवली की झाडं स्वतः उठतात. खोडके नाहीत, ठोंब आहेत, कंद आहेत : माळ. हात लावू नका.

तुकडा निवडणं आणि त्याचा इतिहास काढणं

स्वतःचं पडीक असेल तर उत्तम, नाहीतर गायरान, देवराईची कड, कॉलनीमागची टेकडी काहीही चालेल, फक्त दहा वर्षं तिथं जाता आलं पाहिजे आणि मालकाला विचारलेलं असलं पाहिजे. आमचा तुकडा तीन एकराचा, मुरमाड, शेवटची बाजरी-मटकी २००९ च्या खरिपाला, नंतर वडिलांना झेपेना म्हणून नांगर बंद.

इतिहास काढायला तीन दारं आहेत. पहिलं सातबारा. गाव नमुना बारामध्ये दरवर्षीची पीकपाहणी असते, कोणत्या वर्षी कोणतं पीक आणि कोणत्या वर्षी पडीक हे तिथं लिहिलेलं सापडतं, जुने उतारे तलाठी कार्यालयातून किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून निघतात. पीकपाहणी कधीकधी घरात बसून भरलेली असते हे आपल्याला माहीत आहे, म्हणून दुसरं दार, म्हातारी माणसं. त्यांना तारीख विचारू नका, "७२ च्या दुष्काळाच्या आधी का नंतर", "धाकट्याच्या लग्नाच्या वेळी इथं काय होतं" असं विचारा, फटाफट सांगतात. मेंढपाळांना नक्की विचारा, गवत त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही, कोणतं आधी मेंढरं खातात, कोणतं सोडतात, कोणतं हल्ली दिसत नाही. तिसरं दार गूगल अर्थ, कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीत जुन्या सालांची उपग्रहचित्रं बघायची सोय आहे, घड्याळाचं चिन्ह दाबून मागं मागं जा. झाडांचे ठिपके कधी वाढले, चर कधी पडले, बांध कधी फुटला, सगळं दिसतं. फक्त मे महिन्याचं चित्र आणि सप्टेंबरचं चित्र एकमेकांशी ताडू नका, नाहीतर चार महिन्यांत जंगल वाढलं असं वाटेल.

चौकट, फोटो, वही

अर्धा इंची पीव्हीसी पाइपचे एक-एक मीटरचे चार तुकडे आणि चार एल्बो घ्या, जोडा, झाली एक मीटर बाय एक मीटरची चौकट. पाइप नको तर चार खिळे आणि सुतळी. आता सगळ्यात मोठी चूक कोणती होते तर माणूस चौकट छान दिसणाऱ्या जागी टाकतो, फुलं असतील तिथं. ते टाळायला तुकड्याच्या एका कोपऱ्यातून किती पावलं पुढं आणि किती पावलं आत हे चिठ्ठ्या उचलून ठरवा, अशा दहा जागा काढा, प्रत्येक जागेच्या दोन कोपऱ्यांना लोखंडी गज ठोका आणि वर पांढरा रंग द्या. गज भंगारात जातात, हे अनुभवाचे बोल आहेत, म्हणून गजाशेजारी एक मोठा दगड पुरून त्यावर नंबर रंगवा आणि मोबाइलवर जीपीएस टिपून ठेवा.

दहा पुरेशा का? एक सोपी कसोटी आहे. पहिल्या चौकटीत समजा ९ प्रकारच्या वनस्पती निघाल्या, दुसरीत नवीन ४, तिसरीत नवीन २, असं करत जेव्हा लागोपाठ दोन-तीन चौकटीत नवीन काहीच येत नाही तेव्हा तुमचा तुकडा बऱ्यापैकी पकडला गेला. नवीन येतच असतील तर चौकटी वाढवा.

प्रत्येक चौकटीत काय लिहायचं : कोणत्या वनस्पती, प्रत्येकीनं अंदाजे किती टक्के जागा झाकलीय, उघडी माती किती, दगड किती, वाळलेला पालापाचोळा किती, लेंड्या-शेण आहे का, मुंग्यांची किंवा वाळवीची घरं आहेत का. टक्के डोळ्यानं काढायचे, तळहात साधारण एक टक्का धरायचा. नाव माहीत नसेल तर अडून बसू नका, "केसाळ पानाचं, पिवळं फूल, गुडघ्याएवढं" असं लिहा, नंबर द्या, फोटो काढा, नाव नंतर सापडेल. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर फोटो टाकले की जाणकार मदत करतात, पण गवतासाठी तुऱ्याचा जवळून फोटो लागतो, नुसत्या पानावरून गवत कुणालाच ओळखता येत नाही. गावातलं नाव आवर्जून लिहा, तेच पहिलं पुसलं जातं.

वर्षात तीनदा जा. जुलैच्या मध्याला कंद आणि नवी रोपं बघायला, सप्टेंबर-ऑक्टोबरात गवत तुऱ्यावर असताना, हा मुख्य मोजणीचा वेळ, आणि मे मध्ये, जेव्हा फक्त बहुवर्षायू बुडखे आणि झुडपं उरतात. एकच फेरी जमत असेल तर ऑक्टोबरची धरा.

फोटोचं तंत्र साधं आहे पण शिस्त लागते. दोन ठिकाणं ठरवा, तिथं दगड पुरा, दगडावर उभं राहून छातीच्या उंचीवरून झूम न करता फोटो, समोर दहा पावलांवर मीटरभर रंगवलेली काठी, आणि मागं एखादी न बदलणारी गोष्ट फोटोत आली पाहिजे, डोंगराची धार किंवा देवळाचा कळस. सकाळी नऊच्या आत. जुना फोटो मोबाइलवर उघडून त्याच्याशी जुळवून नवा घ्या. चार वर्षांनी हे फोटो शेजारी शेजारी ठेवले ना, की वहीतल्या आकड्यांपेक्षा लोकांना तेच पटतं, ग्रामसभेत तर नक्कीच.

जमलं तर एक प्रयोग करा. पाच मीटर बाय पाच मीटरचा चौकोन बोराट्या आणि बाभळीच्या फांद्यांनी आवळून टाका म्हणजे जनावर आत जाणार नाही, आणि शेजारी तेवढाच चौकोन उघडा ठेवा. दोन पावसाळ्यांत कळतं की तुमच्या माळाला चराई किती दाबतेय. आमच्याकडं बंद चौकोनात पहिल्या वर्षी गवत दुप्पट उंच झालं आणि मला वाटलं जिंकलो, पण चौथ्या वर्षापर्यंत वाळकं गवत साचून साचून खालच्या बारीक वनस्पती कमी झाल्या. म्हणजे थोडी चराई, थोडी कापणी माळाला हवीच असते. आबांचं मेंढरांचं खांड दिवाळीनंतर खाली निघायचं आणि पावसाळ्यात परत यायचं, त्यात माळाला विसावा आपोआप मिळायचा, अडचण होते ती एकाच जागेवर बारा महिने जनावरं सोडली की.

चाल वाचायची कशी

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. दहा वर्षं थांबायच्या आधीच तुम्हाला दहा वर्षांची चाल बघता येते, त्यासाठी वेगवेगळ्या वयाची पडीकं शेजारी शेजारी शोधायची. ही युक्ती जुनी आहे, हेन्री काउल्स यांनी १८९९ मध्ये अमेरिकेत मिशिगन सरोवराच्या काठच्या वाळूच्या टेकड्यांवर केली, पाण्यापासून आत चालत गेलं की टेकडी जास्त जुनी, म्हणजे चालणं हाच काळ. मी गावात चार जागा धरल्या : तीन वर्षांपूर्वी सोडलेलं रान, आमचा तुकडा, ७२ च्या दुष्काळात सोडलं ते परत कधीच न पेरलेलं चुलत्यांचं रान, आणि कधीच नांगर न लागलेला माळ.

सोडल्यावरच्या पहिल्या दोन पावसाळ्यांत येतात ती घाईची मंडळी. सराटा, एकदांडी, कुर्डू, टाकळा, आघाडा, दुधाणी, आणि अर्थात काँग्रेस गवत, जे १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि आता बांधाबांधावर आहे. यांचं बी वाऱ्यानं येतं, कपड्याला-लोकरीला चिकटून येतं किंवा मातीत आधीच पडून असतं. आयुष्य एका पावसाळ्याचं, बी भरमसाट. त्यांना घाबरून नांगर घालू नका, नांगर घातला की घड्याळ परत शून्यावर.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी हरळी आणि बारीक वर्षायू गवतं जागा धरतात, आघाडा-टाकळा बांधाकडं सरकतो. पाचव्या-सहाव्या वर्षापासून कुसळीचे ठोंब दिसायला लागतात, आणि तरवड, रुई. तरवडाकडं लक्ष ठेवा, जनावरं त्याला तोंड लावत नाहीत, त्यामुळे तरवड एकदम वाढला तर समजा चराई जास्त होतेय, चांगलं गवत खाल्लं जातंय आणि जागा रिकामी होतेय. उलट पवन्या-शेडा वाढत असेल तर माळाला विसावा मिळतोय. भारतातल्या गवतांचा मोठा देशव्यापी अभ्यास १९७३ साली पुस्तकरूपात आला, त्यात पाच मुख्य गवताळ पट्टे सांगितलेत आणि आपला दख्खनचा पट्टा शेडा-मारवेलचा. म्हणजे आपल्या माळाच्या तब्येतीची मोजपट्टी हीच दोन गवतं.

आठ-दहा वर्षांनी बोर आणि हिवर डोकं काढतात. शेळ्या शेंगा आणि बोरं खातात, रात्री रवंथ करताना बिया थुंकतात, म्हणून जुन्या वाड्याच्या, म्हणजे मेंढरं बसवलेल्या जागेवर ही रोपं जास्त. आणि मग एक फार सुंदर गोष्ट होते. बोराच्या जाळीवर बुलबुल, साळुंकी येऊन बसतात, लिंबोळी खाऊन आलेली असतात, बी खाली पडतं, काट्यांमुळे शेळीचं तोंड तिथं पोचत नाही, सावलीमुळे मेमध्ये ओल जरा जास्त टिकते, आणि जाळीच्या मधून लिंबाचं झाड वर येतं. पंधरा-वीस वर्षांत लिंब मोठा आणि त्याच्या सावलीत बोर सुकायला लागलेलं. तुमच्या गावात बघा, माळावरच्या किती लिंबांच्या बुडाशी बोराटी आहे. हे झाड कुणी लावलेलं नाही आणि त्याला एक तांब्या पाणी कुणी घातलेलं नाही.

पक्षी पण बदलतात, ते वहीत वेगळं पान करून लिहा. उघड्यावर चंडोल, धाविक, माळटिटवी, झुडपं वाढली की सातभाई, बुलबुल. माळ झाडांनी भरला तर पक्ष्यांची एकूण संख्या कदाचित वाढेल आणि आपल्याला वाटेल छान झालं, पण बुलबुल सगळीकडं राहू शकतो, धाविकाला दुसरं घर नाही. नान्नजचं अभयारण्य १९७९ साली माळढोकासाठी झालं, आज तिथं माळढोक दिसणं किती दुर्मिळ झालंय हे सोलापूरकरांना विचारा. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, चिंकारा बघायला जाल तेव्हा कुंपणाबाहेरचं गवत पण बघा.

आता ७२ चं रान आणि मूळचा माळ. पन्नास वर्षं होऊन गेली, लांबून दोन्ही सारखे दिसतात, गवत आहे, हिवर आहे. पण गुडघ्यावर बसून चौकट लावली की मूळच्या माळात रानकांदा, मुसळी सापडते आणि ७२ च्या रानात जवळजवळ नाहीच. हे मला पहिल्यांदा कळलं त्या दिवशी संस्थेच्या जेसीबीची आठवण येऊन पोटात कालवलं. दोन तासांत उकरलेलं माझ्या हयातीत भरून येणार नव्हतं.

कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या लोकांनी सुरुवात अजून आधीपासून करावी, उघड्या जांभ्यापासून. काळा पडलेला कातळ म्हणजे मेलेला कातळ समजू नका, तो थर सूक्ष्म जिवांचा आहे, त्यावर दगडफूल, तेच जे गोड्या मसाल्यात जातं, मग शेवाळ, मग खळग्यात बोटभर माती आणि त्या मातीत सीतेची आसवं, गेंद, तेरडा. कास २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं ते या बोटभर मातीच्या जोरावर, आणि त्या सड्याचं जंगल होत नाही, व्हायला पण नको. मावळ-कोकणातल्या वरकस जमिनी ज्यांनी केल्यात त्यांना हे सगळं माहीतच आहे, नाचणी, मग वरी, मग कारळं-तीळ, मग काही वर्षं विसावा, त्या विसाव्यात कोणतं झुडूप आलं की जमीन तयार झाली हे जुनी माणसं झुडूप बघून सांगायची.

कुठं फसायला होतं

एका वर्षावरून निष्कर्ष काढू नका. २०१८ ला पाऊस दगा देऊन गेला आणि माझ्या चौकटी निम्म्या रिकाम्या, २०१९ ला ऑक्टोबरात धो धो, आणि अशा वनस्पती आल्या ज्या मी आधी बघितल्या नव्हत्या. तीन-तीन वर्षांची सरासरी धरा. प्रत्येक भेटीत वणवा, चराई, नांगर, मुरूम उपसा, जे घडलं ते तारखेसकट लिहा, नाहीतर नंतर कारण सापडत नाही.

मोजायची सगळ्यात सोपी आणि भरवशाची गोष्ट म्हणजे दहापैकी किती चौकटीत एखादी वनस्पती सापडली. टक्केवारीत माणसामाणसात फरक पडतो, हो-नाही मध्ये पडत नाही. एक्सेलमध्ये उभ्या ओळीत वर्षं, आडव्या ओळीत वनस्पती, आत दहापैकी आकडा, बस.

आणि वेडी बाभूळ किंवा घाणेरी चौकटीत शिरली तर "चाल आहे, चालू दे" म्हणून सोडू नका. अशा आक्रमक परदेशी वनस्पती आल्या की पुढची पायरी येतच नाही, वर्षानुवर्षं त्याच बसतात. घाणेरी लहान असतानाच मुळाखालून कापून काढा, वेडी बाभूळ रोप असताना पावसाळ्यात ओल्या मातीत मुळासकट निघते, मोठी झाली की पुन्हा पुन्हा फुटते.

एवढं करूनही झाडं लावायची इच्छा असेल, आणि असावीच, तर ओढ्याकाठ, बांध, घराभोवती, रस्त्याकडेला लावा, जिथं माती खोल आहे. पडीकावर बोराच्या चार-पाच जाळ्या नुसत्या राखल्या तरी पाखरं बाकीचं काम करतात.

वहीची नक्कल दुसऱ्या कुणाकडं तरी ठेवा. माझी पहिली वही पावसात भिजली, तेव्हापासून दर दिवाळीला पानांचे फोटो काढून भाचीला पाठवतो, ती आता नववीत आहे आणि चार नंबरची चौकट तिची. गेल्या ऑक्टोबरात तिनंच हाक मारली, मामा हे वेगळं गवत आहे, गाठींना केस आहेत. बघितलं तर मारवेलचा एकच ठोंब, खालच्या बांधाकडून बी आलेलं असणार. शेवटची बाजरी काढल्यानंतरचा तो पंधरावा पावसाळा होता. वहीत तिनं लिहिलंय, चौकट ४, मारवेल, १ ठोंब, ३ टक्के.